टोप

जपानी मांगाचे फुगे मराठीत भरायचे,
पानामागे एकशे ऐंशी रुपये.
आवाज वेगळे धरत नाहीत,
आणि मला जड जातात ते आवाजच.

कुदळ, पत्रा, विहिरीत पडलेली बादली, हे जमतं:
खण्, ठाण्, धबाक्.
पण यांच्याकडे शांततासुद्धा वाजते.
जळून गेलेल्या गल्लीवर आडवी पसरलेली मोठी अक्षरं,
शीऽऽन.
हात्सुए आणि तिचा शिगेरू उभे आहेत
घर होतं त्या चौकोनात,
आणि हवा अशी वाजते आहे.

सुन्न लिहिलं, खोडलं.
सामसूम लिहिलं तर आता चोर येणार असं वाटलं.
चिडीचूप म्हणजे चौथीतल्या बाई, हातात पट्टी.
शुकशुकाट बरा होता,
पण तो दुपारच्या बाजारपेठेचा, राखेचा नव्हे.

एक शब्द मात्र आयता मिळाला.
लढाई संपल्यावर शिपायांचे लोखंडी टोप
कारखान्यात उलटे झाले, त्यांना कान लागले,
आणि भात शिजवायला विकायला आले.
जपानीत त्याला दोन शब्द, वर संपादकाची तळटीप.
मी काहीच केलं नाही.
या चौकटीत डोक्यावर टोप,
पुढच्या चौकटीत चुलीवर टोप.
तळटीप काढून टाकली
आणि खाली जाऊन उसाचा रस प्यायले, मोठा ग्लास.

पाच तारखेला चांगुणाबाय भाडं न्यायला वर आली.
तिची इमारत: तीन मजले, पाच भाडेकरू,
गच्चीवर बोंबलांची दोरी.
विमानतळाखाली गेलेल्या गावाच्या बदल्यात
करंजाड्यातला नंबराचा प्लॉट.
गाव म्हटलं की ती अजून खाडीकडे हात करते.

मी पैसे काढेपर्यंत टेबलावरची पानं चाळत होती.
चित्रंच बघत होती, डावीकडून.
तिच्या बाजूने आधी आली दारावरची नावाची पाटी,
मग चूल, मग पत्र्याचा आडोसा,
मग राख.
"असाच झाला," म्हणाली.

"बाय, हे उजवीकडून वाचायचं."

तिनं पान तसंच धरलं, डोळे मागे नेले,
राखेपासून पाटीपर्यंत,
तांदूळ निवडावेत तितके सावकाश.
"असा पन झाला," म्हणाली,
पण यावेळी जरा थांबून.

मग शीऽऽनवर बोट. "ह्या काय लिवलाय?"
काहीच ऐकू येत नाही, त्याचा आवाज, मी म्हटलं.
मला वाटलं हसेल.

"जेसीबी आयला तवा आमी टेंपोत सामान भरला.
एक कोंबरी रायली.
दुसरे दिशी भाऊ गेला पत्रे आनाला,
तं ती बसलेली तिच्याच जाग्यावर.
खुराडा नाय, भित नाय, उंबरा नाय.
कोन सांगनार तिला?
वरडली बी नाय."

पैसे दोनदा मोजले. पाचशेची एक नोट
उजेडाकडे धरून पाहिली.
दारातून वळून म्हणाली,
"त्या टोपान किती मानसांचा भात व्हतंय?"
चित्रात चार वाट्या होत्या, एक रिकामी,
बापाची. तो तिसऱ्या भागात परत येतो
आणि शिगेरू त्याला काका म्हणतो.
"चार," मी म्हटलं.
"ल्हान हाय," असं म्हणत ती जिना उतरली.

रात्री संपादकाचा निरोप: शीनचं काय ठरलं? उद्या छपाई.
छतावरून विमान गेलं, खिडकीची काच थरथरली.
राखेच्या कोपऱ्यात, हात्सुएच्या पायांपासून दूर,
एक कोंबडी काढावी असं फार वाटलं.
पण चित्राला हात लावायचा नाही, तसं करारातच आहे.
शेवटी शुकशुकाटच टाकला.
अक्षरं ताणली, पातळ केली,
आणि दोन शुकांच्या मध्ये जागा ठेवली,
एक कोंबडी पंख मिटून बसेल एवढी.

बिल केलं. बावीस पानं.
आवाज धरले नाहीत.